रिकामी व्हर्च्युअल मशीन आणि लॅपटॉपचा पंखा : केव्हीएम व व्हर्ट-मॅनेजरचे परीक्षण

माझ्या लॅपटॉपवर दिवसभर चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभारलेले आभासी संगणक, चालू असतात आणि त्यांपैकी किमान तीन कोणत्याही क्षणी काहीच करत नसतात. एकात डेबियन हे लिनक्सचे वितरण आहे, त्यावर ग्राहकांच्या संकेतस्थळांची चाचणी होते. दुसऱ्यात विंडोज १० आहे, कारण हिशेबाची काही सॉफ्टवेअर विंडोजशिवाय उघडत नाहीत. तिसऱ्यात विंडोज एक्सपी आहे, कारण एका दिवाळी अंकाची जुनी पाने पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत अडकून पडली आहेत आणि त्यांतला एखादा लेख वर्षातून चार-सहा वेळा कोणीतरी मागतोच. चौथ्यात फ्रीडॉस, म्हणजे जुन्या डॉसचा मुक्त अवतार आहे, त्यावर एका पतपेढीच्या ठेवखात्यांचा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-साधनातला प्रोग्राम चालतो. पतपेढीचा कारभार केव्हाच नव्या प्रणालीवर गेला, पण एखाद्या वृद्ध सभासदाने जुन्या ठेवीचा उतारा मागितला की फोन माझ्याकडे येतो. या चौघांपैकी कोणालाही काम नसताना पंखा मात्र सतत घोंघावत असे आणि लॅपटॉप मांडीवर ठेवणे उन्हाळ्यात अशक्य होई. म्हणून केव्हीएम आणि व्हर्ट-मॅनेजर या जोडीचे हे परीक्षण मी एकाच प्रश्नापुरते लिहीत आहे : रिकामे बसलेले मशीन प्रोसेसर किती खाते, आणि ते खाणे कमी करण्याची सोय या साधनांत कितपत आहे.

ओळख थोडक्यात करून देतो. केव्हीएम हा लिनक्स कर्नेलचाच भाग असून तो २००७ साली २.६.२० या आवृत्तीत दाखल झाला. प्रोसेसरमधील व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही ही सुविधा वापरून गेस्टच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, सूचना थेट प्रोसेसरवर चालवणे हे त्याचे काम. डिस्क, नेटवर्क कार्ड, यूएसबी अशी उपकरणे असल्याचे सोंग क्यूईएमयू वठवते, लिबव्हर्ट या सगळ्याची व्यवस्था पाहते आणि व्हर्ट-मॅनेजर ही त्यावरची खिडकी आहे. सर्व मुक्त सॉफ्टवेअर आहे, पैसे पडत नाहीत. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करावे लागते आणि पुष्कळ लॅपटॉपवर ते बंद असते, एवढी एकच पूर्वतयारी.

आता मूळ मुद्दा. प्रोसेसरला काम नसले की ऑपरेटिंग सिस्टिम त्याला ‘हॉल्ट’ ही सूचना देते आणि पुढचा इंटरप्ट, म्हणजे त्याला उठवणारा इशारा, येईपर्यंत तो झोपतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये गेस्टने हॉल्ट म्हटले की नियंत्रण होस्टकडे, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ लिनक्सकडे, परत येते आणि होस्टला दुसरे काही काम नसेल तर खरा प्रोसेसरही झोपी जातो. तत्त्वतः रिकाम्या मशीनचा खर्च जवळपास शून्य असायला हवा. प्रत्यक्षात तो तसा नसतो. पाहुणा स्वतः गाढ झोपला असला तरी त्याच्या खोलीतले घड्याळ दर मिनिटाला टोले देत असेल, तर यजमानाला झोप कशी लागणार? लॅपटॉपच्या बाबतीत तर वापराची टक्केवारी दुय्यमच म्हणावी लागेल. खरी गोष्ट ही की प्रोसेसरला सेकंदाला किती वेळा उठवले जाते. प्रत्येक वेळी काम क्षणभराचेच असले तरी प्रोसेसर खोल झोपेच्या, म्हणजे ज्यांना सी-स्टेट म्हणतात त्यांपैकी खालच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचूच शकत नाही, आणि बॅटरी तिथेच संपते.

हे मोजण्याची सोय आहे, पण ती व्हर्ट-मॅनेजरच्या खिडकीत नाही. तिथला आलेख पाहून मी पहिले काही दिवस फसलो. एक व्हर्च्युअल कोअर असलेले मशीन पूर्ण वेगाने धावत असेल, तर गेस्टच्या हिशेबाने ते शंभर टक्के असते आणि आठ धाग्यांच्या (थ्रेडच्या) प्रोसेसरवर होस्टच्या हिशेबाने तेच साडेबारा टक्के दिसते. दोन्ही आकडे खरे आहेत. यादीत कोणता स्तंभ लावला आहे हे ‘व्ह्यू’ मेनूत जाऊन पाहावे लागते. त्यापेक्षा टॉप या चालू प्रक्रियांची यादी दाखवणाऱ्या साधनात क्यूईएमयूच्या प्रक्रिया पाहाव्यात आणि पॉवरटॉप चालवून सेकंदाला किती वेकअप होत आहेत ते पाहावे. गेस्ट नेमका कशामुळे वारंवार बाहेर येतो हे केव्हीएम-स्टॅट सांगते. माझ्या दृष्टीने या जोडीचा सर्वांत मोठा गुण हाच आहे : गेस्टची प्रत्येक हालचाल लिनक्सच्या नेहमीच्या अवजारांनी तपासता येते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही आणि कोणाला विचारावेही लागत नाही.

तपासणीत पहिला चोर निघाला फ्रीडॉस. चौघांत सर्वांत लहान, सोळा एमबी मेमरीत सुखाने राहणारा आणि पडद्यावर निळ्या मेनूखेरीज काहीही न दाखवणारा हा गेस्ट एक अख्खा कोअर शंभर टक्के व्यापून बसला होता. कारण जुनेच आहे. डॉसच्या काळात प्रोसेसर एका वेळी एकाच प्रोग्रामच्या मालकीचा असे, त्यामुळे ‘कळ दाबली का, कळ दाबली का’ असे लाखो वेळा विचारत राहणे हीच वाट पाहण्याची रीत होती, आणि त्या वेळच्या यंत्रावर त्याने कोणाचेही काही बिघडत नसे. फ्रीडॉसच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘आयडलहॉल्ट’ची किंमत एक ठेवली की नुसत्या प्रॉम्प्टवर थांबलेले मशीन शांत होते. प्रोग्राम चालू असताना मात्र तेवढ्याने भागत नाही. त्यासाठी फ्रीडॉससोबत येणारे एफडीएपीएम हे छोटे साधन ‘एपीएमडॉस’ या पर्यायासह ऑटोएक्झेक या सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये घालावे लागते. प्रोग्राम कीबोर्डकडे वारंवार विचारणा करतो आहे असे दिसले की हे साधन मध्ये पडून हॉल्ट देते.

तरीही माझ्याकडे आकडा पुरता खाली येईना. शेवटी फॉक्सप्रोचा सोर्स उघडला. सुदैवाने तो पतपेढीच्या कपाटात फ्लॉपीवर नव्हे, तर त्याच डिस्कवर शाबूत होता. मुख्य मेनूच्या डू-व्हाइल फेऱ्यात ‘इन-की’ हे फंक्शन कोणताही आकडा न देता वापरले होते. तसे वापरले की ते क्षणभरही थांबत नाही. कळ दाबलेली असो वा नसो, लगेच परत येते आणि फेरा पुन्हा सुरू होतो. कंसात शून्य लिहिले की तेच फंक्शन कळ दाबली जाईपर्यंत थांबते. मेनूतल्या तीन ठिकाणी मी कंसात एकेक शून्य टाकले, प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला, आणि टॉपच्या यादीत सर्वांत वर बसलेली ती ओळ घसरत घसरत पहिल्या पडद्याच्याही खाली गेली. ज्याने हा प्रोग्राम लिहिला त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्या ३८६ यंत्राला त्या फेऱ्यावाचून दुसरे काम तरी काय होते!

एक्सपीची गोष्ट वेगळी निघाली. तो हॉल्ट व्यवस्थित देतो, तरी सेकंदाला हजाराच्या घरात वेकअप दिसत होते. चौकशीअंती दोष माउसकडे गेला. व्हर्ट-मॅनेजर चित्रमय गेस्टला आपण होऊन एक ‘यूएसबी टॅब्लेट’ जोडतो, जेणेकरून होस्टचा बाण खिडकीत सहज आत-बाहेर करता यावा. सोय उत्तम आहे. पण जुन्या गेस्टला मिळणारा यूएसबी नियंत्रक यूएचसीआय प्रकारचा असतो आणि त्या रचनेत दर मिलिसेकंदाला एक फ्रेम, म्हणजे सेकंदाला एक हजार वेळा उपकरणाची चौकशी करण्याचे बंधन आहे. आणि हे सोंग वठवण्यासाठी क्यूईएमयूला तितक्याच वेळा उठावे लागते. नव्या गेस्टना मिळणाऱ्या एक्सएचसीआय नियंत्रकाची रचना व्हर्च्युअलायझेशनला पुष्कळच मानवते, म्हणून डेबियनमध्ये हीच टॅब्लेट जोडलेली असूनही तिचा उपद्रव जाणवला नव्हता. एक्सपीसाठी उपाय दोन आहेत : टॅब्लेट काढून साध्या पीएस-टू माउसवर भागवावे, ज्यात बाण खिडकीत अडकतो आणि डावे कंट्रोल व ऑल्ट एकदम दाबून सोडवावा लागतो, किंवा गेस्टमध्ये स्पाइसचा, म्हणजे गेस्टचा पडदा होस्टवर दाखवणाऱ्या व्यवस्थेचा, एजंट बसवावा, म्हणजे टॅब्लेटविनाही बाण मोकळा राहतो. पेजमेकरमध्ये चौकट अर्धा मिलिमीटर सरकवताना बाण अडकणे मला परवडणारे नव्हते, म्हणून मी दुसरा मार्ग घेतला.

इथे माझी एक संध्याकाळ वाया गेली आणि ती का गेली हे सांगणे वाचकाच्या उपयोगाचे आहे. टॅब्लेट काढली, एक्सपी आतून रीस्टार्ट केला, आकडे जसेच्या तसे. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी बदल चुकीच्या फाइलमध्ये लिहिला जात आहे की काय अशी शंका घेऊन दुसरीकडेच शोधू लागलो. वस्तुस्थिती अशी की गेस्टने स्वतःला रीस्टार्ट केले तरी त्याच्या बाहेरची क्यूईएमयूची प्रक्रिया तीच राहते, आणि बदललेली उपकरणे मशीन पूर्ण बंद करून नव्याने सुरू केल्यावरच लागू होतात. व्हर्ट-मॅनेजर बदल जतन करताना हे एका ओळीत सांगतो. ती ओळ न वाचता मी ‘ओके’ दाबले होते. त्याच एक्सपीत पाइपा वळत-वाकत जाणारा त्रिमितीय स्क्रीनसेव्हर चालू होता हेही तेव्हाच लक्षात आले. खिडकी बंद, पाहणारे कोणी नाही, ग्राफिक्स कार्डाचे सोंग, आणि त्यावर प्रोसेसर एकेक पाइप इमानेइतबारे रंगवीत बसलेला. तो अर्थातच बंद केला.

विंडोज १० च्या बाबतीत प्रश्न घड्याळांचा आहे. विंडोजचा नेहमीचा ठोका १५.६ मिलिसेकंदांचा, पण एखादा प्रोग्राम तो एक मिलिसेकंदापर्यंत खाली आणवू शकतो, आणि उघडा राहिलेला ब्राउझर किंवा ध्वनी वाजवणारा प्रोग्राम पुष्कळदा तेच करतो. गेस्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ला एनर्जी हा पर्याय देऊन अहवाल काढला की कोणी मागणी केली ते नावानिशी कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे ठोके कोणत्या उपकरणातून येतात. गेस्ट जुन्या पीसीतल्या आरटीसी घड्याळावर विसंबून असेल, तर प्रत्येक ठोका क्यूईएमयूच्या सोंगातून जातो आणि महाग पडतो. उलट विंडोजला हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्याच व्हर्च्युअलायझेशनची ओळखीची घड्याळे दाखवली तर तोच ठोका केव्हीएममधल्या मध्ये, स्वस्तात निघतो. माझे विंडोज मशीन काही वर्षांपूर्वी बनवलेले असल्याने त्याच्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे लिबव्हर्ट मशीनची मांडणी ज्या फाइलमध्ये ठेवते तीत, हायपर-व्हीची मोजकीच कलमे होती. ‘व्हीपी-इंडेक्स’, ‘सिनिक’ आणि ‘एस-टायमर’ ही तीन मी हाताने घातली; तिसरे पहिल्या दोहोंशिवाय चालत नाही, आणि त्याला ‘हायपर-व्ही क्लॉक’ हा टायमरही लागतो, हे ध्यानात ठेवावे. फरक ठळक होता. बाकी अनुक्रमणिका बनवणारी सेवा, अद्यतने, नियोजित स्कॅन ही मंडळी अधूनमधून उठतातच आणि त्यांना मी हात लावला नाही, कारण सुरक्षेची तपासणी बंद करून बॅटरी वाचवणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

डेबियनने फारसा त्रास दिला नाही. आजचे लिनक्स कर्नेल काम नसताना घड्याळाचे ठोके थांबवते, त्यामुळे डेस्कटॉप न चढवता केवळ सर्व्हर म्हणून चालवल्यास रिकामा डेबियन जवळजवळ अदृश्य असतो. डेस्कटॉप चढवला तर चित्र पालटते. ग्राफिक्सचा वेग गेस्टपर्यंत पोहोचत नसेल तर प्रत्येक सावली आणि सरकती खिडकी प्रोसेसरच रंगवतो. चार व्हर्च्युअल कोअर दिले होते ते दोनवर आणले, चाचणीत काही उणे पडले नाही.

एक कळ मात्र होस्टच्या बाजूला आहे आणि तिच्याविषयी अर्धवट सल्ले फार फिरतात. गेस्टने हॉल्ट दिल्यावर केव्हीएम लगेच प्रोसेसर सोडत नाही; इतक्यात पुन्हा काम येईल या आशेने थोडा वेळ डोळे उघडे ठेवून वाट पाहतो. या प्रतीक्षेची कमाल मर्यादा ‘हॉल्ट पोल एनएस’ या मापदंडाने ठरते आणि इंटेल-एएमडी प्रोसेसरवर ती मुळात दोन लाख नॅनोसेकंद, म्हणजे ०.२ मिलिसेकंद असते. सर्व्हरवर हे योग्यच आहे, कारण तिथे उत्तराची तत्परता विकली जाते. लॅपटॉपवर, विशेषतः ज्याचे गेस्ट वारंवार लहानसहान कारणांनी उठतात अशा लॅपटॉपवर, ही जागरणे फुकट जातात. कर्नेलच्या दस्तऐवजातच असा इशारा आहे की ही मर्यादा फार वाढवली तर एरवी रिकामे असलेले यंत्रही शंभर टक्के व्यग्र दिसू शकते. मी ती शून्य केली आहे. रूटच्या अधिकाराने एका फाइलमध्ये आकडा लिहायचा, मशीन बंद करण्याचीही गरज नाही. बदल कायमचा हवा असेल तर केव्हीएम मॉड्यूलच्या कॉन्फिगमध्ये ओळ घालावी लागते. मात्र हे आधी करू नये. माउस आणि घड्याळे ताळ्यावर आणल्यावर या कळीने माझ्याकडे थोडीच भर घातली. आधी केले असते तर मूळ दोष झाकला गेला असता.

प्रोसेसरचा कोटा ठरवून देण्याचीही सोय लिबव्हर्टमध्ये आहे. दर एक लाख मायक्रोसेकंदांत वीस हजारच मिळतील असे लिहिले की गेस्ट एका कोअरच्या पाचव्या हिश्शापलीकडे जात नाही. मी ती वापरून पाहिली आणि काढून टाकली. कोटा लावलेले मशीन रिकामे असताना जितके उठायचे तितकेच उठते, आणि पेजमेकरला चाळीस पानांची पीडीएफ काढायला सांगितली की त्याच वेळी नेमके हात आखडते. ताप आला म्हणून थर्मामीटरचा पारा दाबून धरण्यातला तो प्रकार आहे.

हे सर्व करूनही खरा शून्य खर्च हवा असेल, तर मशीन थांबवणे हाच मार्ग, आणि ही बाजू या साधनांची सर्वांत भक्कम आहे. व्हर्ट-मॅनेजरची खिडकी बंद केल्याने गेस्ट बंद होत नाही हे नवख्याने पहिल्याच दिवशी समजून घ्यावे. तो पडद्याआड चालूच राहतो. ‘पॉज’ दाबले, किंवा टर्मिनलवर ‘व्हर्श सस्पेंड’ म्हटले, की व्हर्च्युअल कोअर जागच्या जागी गोठतात, मेमरी तेवढी अडकून राहते आणि परत सुरू करायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाच वेळ लागतो. ‘मॅनेज्ड सेव्ह’ केले तर मेमरीही डिस्कवर लिहून मोकळी होते. त्याच्या दोन खोडी सांगायला हव्यात. जतन केलेल्या अवस्थेतून उठणारे मशीन त्या वेळचेच एक्सएमएल घेऊन उठते, मधल्या काळात केलेले बदल त्याला ठाऊक नसतात. आणि थांबलेल्या मशीनचे घड्याळ मागे पडते : एकदा डेबियन दुपारी गोठवून रात्री उठवला आणि त्यातून मागवलेली प्रत्येक सुरक्षित जोडणी प्रमाणपत्राच्या तारखेवरून कुरकुरू लागली, कारण काही मिनिटांपूर्वीच काढलेले चाचणी प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून सुरूच झालेले नव्हते. गेस्टमध्ये क्यूईएमयूचा गेस्ट एजंट हा मदतनीस प्रोग्राम बसवून ‘व्हर्श डोमटाइम’ला सिंक हा पर्याय दिला की वेळ जुळते.

तक्रारी आहेतच. व्हर्ट-मॅनेजरची गृहीते सर्व्हरवरून आलेली आहेत, लॅपटॉपचा विचार त्यांत दुरान्वयानेही दिसत नाही. मशीनच्या मांडणीत वर सांगितलेल्या बदलांपैकी माउस आणि कोअरांची संख्या वगळता बाकींसाठी एक्सएमएल हाताने बदलावे लागते, आणि ते बदलण्याची मुभासुद्धा प्राधान्यक्रमाच्या खिडकीत जाऊन आधी चालू करावी लागते. बॅटरीवर असताना गेस्ट आपोआप थांबवण्याचा पर्याय नाही. स्वतः व्हर्ट-मॅनेजरही उघडा असेपर्यंत ठराविक सेकंदांनी प्रत्येक मशीनची विचारपूस करत राहतो. ते अंतर वाढवता येते, पण मी काम झाले की तो बंदच करतो. रेड हॅटने आपल्या आठव्या एंटरप्राइझ आवृत्तीपासून त्याला निवृत्तीच्या वाटेवर ठेवून कॉकपिट या ब्राउझरमधल्या साधनाकडे बोट दाखवले आहे. कॉकपिट दिसायला नेटके आहे, पण आज व्हर्ट-मॅनेजरमध्ये जितक्या खोलवर हात घालता येतो तितका त्यात घालता येत नाही, त्यामुळे इतर वितरणांत तो जोवर मिळतो तोवर मी हलणार नाही. ज्याला टर्मिनल उघडण्याचाच कंटाळा आहे, त्याने मात्र या वाटेला जाऊ नये असेच मी म्हणेन.

चार्जर काढला की एक्सपी आणि विंडोज १० गोठवणारी आणि लावला की उठवणारी सात-आठ ओळींची स्क्रिप्ट मी लिहून ठेवली आहे. डेबियन चालू राहतो. पतपेढीच्या फ्रीडॉसचे नाव त्या स्क्रिप्टमध्ये घालायला घेतले होते, पण त्याआधी आकडे पाहिले : हॉल्ट शिकलेल्या डॉसला उठवणारा टायमर सेकंदाला १८.२ वेळाच ठोका देतो. एवढ्याने लॅपटॉपची झोप मोडत नाही. ते नाव मी खोडून टाकले, आणि उतारा मागणारा फोन आला की निळा मेनू जिथल्या तिथे तयार असतो.